जंपर काढायचा कुणी?

मोटर चालवणारा नवा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह खोक्यातून बाहेर काढला की त्याच्या टर्मिनल पट्टीवर कंपनीतूनच लावून आलेले छोटे जंपर दिसतात. रॉकवेलच्या पॉवरफ्लेक्स ५२५ वर ते एस-प्लस या टर्मिनलवरून एस-१ आणि एस-२ कडे जातात. इतर कंपन्यांच्या ड्राइव्हवर नावं वेगळी असतात, रचना तीच. २४ व्होल्टचा पुरवठा दोन स्वतंत्र इनपुटना सतत मिळत राहावा, एवढंच या जंपरचं काम. पुरवठा आहे तोवर ड्राइव्ह मोटर फिरवू शकतो. तो तुटला की प्रोग्राम काहीही सांगो, मोटरला टॉर्क मिळत नाही. या सोयीला ‘सेफ टॉर्क ऑफ’ म्हणतात, बोलताना नुसतं एसटीओ. जंपर लावून पाठवतात ते पॅनेलवाल्याला मोटर फिरवून बघता यावी म्हणून. नंतर ते काढून त्या जागी सेफ्टी रिलेच्या वायरी याव्यात अशी अपेक्षा असते.

पुष्कळ पॅनेलांत त्या येतच नाहीत. ड्राइव्ह बसतो, मोटर फिरते, बिल निघतं आणि जंपर जागच्या जागी राहतात. दारावरचं लाल बटण ड्राइव्हच्या साध्या स्टॉप इनपुटला नाहीतर पीएलसी या नियंत्रकाला जोडलेलं असतं. म्हणजे सुरक्षिततेचे पैसे मोजले गेले, ती यंत्रापर्यंत पोचलीही, आणि शेवटच्या इंचभर अंतरात कुणीतरी ती शॉर्ट करून ठेवली. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मोटर ड्राइव्हच्या सुरक्षिततेत तंत्र किती पुढे गेलं आणि वापर कुठे अडला, याचा हिशेब मांडायचा तर तो या टर्मिनल पट्टीपासूनच मांडावा लागतो.

आधी यंत्र बंद करण्याचा खात्रीचा मार्ग एकच मानला जायचा: कॉन्टॅक्टर. बटण दाबलं, कॉइलचा पुरवठा गेला, संपर्क उघडले, मोटरची वीज तुटली. डोळ्यांना दिसणारी, कानांना ऐकू येणारी क्रिया. यंत्रांच्या विद्युत साधनांसाठी असलेल्या आयईसी ६०२०४-१ या मानकाची १९९७ ची आवृत्तीही याच मताची होती. वीज तत्काळ तोडणारा आपत्कालीन थांबा केवळ तारांनी जोडलेल्या विद्युत-यांत्रिक घटकांनीच घडवावा, असं त्यात म्हटलं होतं. इलेक्ट्रॉनिक्सवर हा अविश्वास उगाच नव्हता. थेरॅक-२५ या कॅनेडियन रेडिएशन यंत्रात आधीच्या मॉडेलमधले हार्डवेअर इंटरलॉक काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली गेली. १९८५ ते १९८७ या काळात त्यातून सहा अपघात झाले आणि रुग्णांचे जीव गेले.

पण ड्राइव्ह आले आणि कॉन्टॅक्टरची गोम उघडी पडली. तो ड्राइव्हच्या आधी लावला तर कपॅसिटर भरलेले राहतात आणि मोटर क्षणभर त्या साठ्यावर चालू शकते. शिवाय पुन्हा पुन्हा चालू-बंद केल्याने ड्राइव्हच्या चार्जिंग सर्किटची वाट लागते. तो ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये लावला तर चालत्या लोडवर उघडताना ठिणगी पडते आणि संपर्क जळतात. दार उघडलं की थांब, बंद केलं की चाल, असं दिवसातून शेकडो वेळा करणाऱ्या पॅकिंग मशिनला यातलं काहीच परवडणारं नव्हतं.

मग मानकांनी वळण घेतलं. इलेक्ट्रॉनिक सुरक्षा प्रणालींचं मूळ मानक, आयईसी ६१५०८, १९९८ ते २००० या काळात टप्प्याटप्प्याने आलं. ‘अमुक पुर्जा वापरा’ असं सांगण्याऐवजी ‘धोकादायक बिघाडाची शक्यता इतक्याखाली आणा आणि ते सिद्ध करा’ असं ते म्हणतं. ड्राइव्हसाठी वेगळं मानक, आयईसी ६१८००-५-२, २००७ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये सुधारलं. त्याच २००७ साली अमेरिकेच्या एनएफपीए ७९ ने सुरक्षेसाठीच बनवलेला ड्राइव्ह हा वीज तोडणारा शेवटचा घटक म्हणून मान्य केला.

एसटीओवर इतका भरवसा का टाकता येतो, हे ड्राइव्हच्या पोटात डोकावल्यावर कळतं. आपल्याकडचा ४१५ व्होल्टचा तीन फेज पुरवठा आत आधी डीसी होतो, साधारण ५८७ व्होल्टचा. मग सहा आयजीबीटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, ठरावीक क्रमाने उघडझाप करून त्यातून पुन्हा फिरतं चुंबकीय क्षेत्र घडवतात. ही उघडझाप अचूक वेळेवर झाली तरच मोटर फिरते. एसटीओ नेमकी त्यांना उघडझाप करायला लावणाऱ्या गेटच्या ठोक्यांची वाट तोडतो, तीही दोन वेगळ्या मार्गांनी, म्हणजे एक मार्ग बिघडला तरी दुसरा काम करतो. समजा एक आयजीबीटी जळून शॉर्ट झाला. तरी फिरतं क्षेत्र तयार होत नाही, मोटर फिरत नाही. दोन वेगवेगळ्या फेजचे दोन एकदम शॉर्ट झाले तर? इंडक्शन मोटरला डीसी मिळेल आणि ती फिरणार नाही. कायम चुंबकाच्या सर्व्हो मोटरला मात्र एक झटका बसेल. तो जास्तीत जास्त १८० भागिले ध्रुवांच्या जोड्या इतक्या अंशांचा. आठ ध्रुवांच्या मोटरला ४५ अंश. हे गणित उत्पादक मॅन्युअलमध्येच छापतात. ४५ अंशांच्या झटक्याने त्या यंत्रात कुणाचं बोट चिरडेल का, हे मात्र यंत्र बांधणाऱ्याने तपासायचं असतं. मॅन्युअलचं ते पान किती जण उघडतात, हा प्रश्न इथे गैरलागू नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज पुढचा आहे. एसटीओ म्हणजे ब्रेक नव्हे. चालत्या गाडीचा गिअर न्यूट्रलला टाकण्यासारखं ते आहे. इंजिनाचा जोर सुटला, पण गाडी उतारावर असेल तर ती जाणारच. उलट एसटीओ लागताच ड्राइव्हची स्वतःची ब्रेक मारण्याची ताकदही जाते, कारण मोटरला मंद करायलाही टॉर्कच लागतो.

महाराष्ट्रात याचं उत्तम उदाहरण साखर कारखान्यात सापडतं. मळी आणि साखर वेगळी करणारं बॅच सेंट्रिफ्यूगल एका वेळी हजार-दीड हजार किलोहून अधिक माल घेऊन मिनिटाला हजाराच्या वर फेरे मारतं. अशा बास्केटला पूर्ण वेगात असताना नुसता एसटीओ दिला तर ती आपल्याच जडत्वावर बराच वेळ फिरत राहील, आणि ‘बटण दाबलंय’ या समजुतीने माणूस झाकणाकडे जाईल. इथे हवा ‘सेफ स्टॉप १’, म्हणजे एसएस-१. यात ड्राइव्ह आधी नियंत्रित रॅम्पने वेग उतरवतो, जमल्यास ती ऊर्जा पुरवठ्यात परत ढकलतो, आणि शेवटी एसटीओ लावतो. झाकणाचं कुलूप वेग खरोखर शून्याजवळ आल्याशिवाय उघडत नाही. आपत्कालीन थांब्यासाठी मानकांना हे दोनच प्रकार मान्य आहेत: वीज लगेच तोडणारा शून्य श्रेणीचा आणि आधी थांबवून मग तोडणारा पहिल्या श्रेणीचा.

एसएस-१ मध्येही एक पोटभेद आहे आणि तो कॅटलॉगमध्ये सहज नजरेतून सुटतो. स्वस्त प्रकारात फक्त वेळ मोजली जाते: बटण दाबलं, दहा सेकंदांनी एसटीओ. मधल्या दहा सेकंदांत रॅम्प खरंच उतरतो आहे का, हे कुणी पाहत नाही. ड्राइव्हचा नेहमीचा भाग त्याच वेळी बिघडला तर मोटर थांबण्याऐवजी वेग घेऊ शकते आणि दहा सेकंद पुरे होईपर्यंत सुरक्षा गप्प बसते. महाग प्रकारात उतरत्या वेगावर स्वतंत्र पाळत असते. आखलेली रेषा सोडली की त्याच क्षणी एसटीओ लागतो. ड्राइव्हच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने दोघांना वेगळी नावं दिली, एसएस-१-टी आणि एसएस-१-आर. कोटेशनमध्ये मात्र बहुधा नुसतंच ‘एसएस-१ उपलब्ध’ असं लिहिलेलं असतं.

क्रेन, हॉइस्ट आणि उभ्या अक्षावरच्या यंत्रांत तर एसटीओ एकट्याने लावणं हाच धोका. टॉर्क गेला की लोड खाली येतो. त्यासाठी ‘सेफ ब्रेक कंट्रोल’ हवा. पण ड्राइव्ह फक्त ब्रेकच्या कॉइलची वीज खात्रीने काढतो. तेल लागलेला, झिजलेला ब्रेक लोड धरेल याची हमी तो देत नाही. म्हणून नव्या ड्राइव्हमध्ये ब्रेकची चाचणीही असते. ब्रेक लावलेला असताना मोटर मुद्दाम ठरावीक टॉर्क लावून तो घसरतो का ते बघते.

या सगळ्या सोयींत रोजच्या कामाला सर्वांत उपयोगी कोणती, असं विचारलं तर उत्तर ‘सेफली लिमिटेड स्पीड’, एसएलएस, असं द्यावं लागेल. छपाई यंत्राचा रोलर पुसायचा, लूममध्ये धागा ओवायचा, कन्व्हेयरचा बेल्ट सरळ करायचा, तर यंत्र थोडं फिरावंच लागतं. दार उघडलं की यंत्र पूर्ण मेलं, अशी रचना असेल तर फिटर दाराच्या स्विचला बायपास मारणार, हे ठरलेलंच. जर्मनीतल्या व्यावसायिक अपघात विमा संस्थांच्या महासंघाने २००६ मध्ये यावर अहवाल काढला. धातुकाम उद्योगातल्या सुमारे ३७ टक्के संरक्षक साधनांशी कधी ना कधी छेडछाड झालेली असते, असा त्याचा अंदाज होता. शिस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या जर्मनीची ही गत! कामगाराला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. बायपास करण्याची गरजच संपवणं हा उपाय आहे, आणि एसएलएस तेच करतो. दार उघडं, हातात होल्ड-टू-रन बटण, वेगावर मर्यादा. औद्योगिक रोबोच्या हाती चालवण्याच्या वेगाला मानकाने सेकंदाला २५० मिलिमीटरची मर्यादा घातली आहे. ती ओलांडली की ड्राइव्ह स्वतःच थांबतो.

मात्र वेगावर पाळत ठेवायची तर वेग खात्रीने कळला पाहिजे, आणि इथे खर्च वाढतो. वेग मोजणाऱ्या साइन-कोसाइन प्रकारच्या एन्कोडरमध्ये एक सुंदर सोय आहे: दोन्ही सिग्नलांच्या वर्गांची बेरीज नेहमी तीच यायला हवी, ती बदलली की तार तुटली किंवा सेन्सर बिघडला. पण एन्कोडरच मोटरच्या शाफ्टवर सैल होऊन घसरला तर सिग्नल अगदी शुद्ध येतील, फक्त चुकीचे. म्हणून सुरक्षेसाठी प्रमाणित मोटरमध्ये एन्कोडरची जोडणी कशी केली आहे, हेही कागदावर सिद्ध करावं लागतं.

आता आकड्यांबद्दल. कॅटलॉगवर ‘पीएल डी’, ‘पीएल ई’, ‘एसआयएल ३’ असे सुरक्षेच्या पातळीचे शिक्के असतात. यातला पीएल डी म्हणजे धोकादायक बिघाडाची शक्यता दर तासाला दहा लाखांत एकाहून कमी. पीएल ई म्हणजे एक कोटीत एकाहून कमी. दहा लाख तास म्हणजे सलग ११४ वर्षं, तेव्हा काळजी नको असं वाटतं. पण एखाद्या औद्योगिक वसाहतीत पीएल डीच्या अगदी काठावरची हजार यंत्रं रात्रंदिवस चालत असतील, तर वर्षाला आठ-नऊ ठिकाणी सुरक्षा गरजेच्या वेळी दगा देण्याच्या स्थितीत असेल. शिवाय हा आकडा एकट्या ड्राइव्हचा नसतो. दाराचा स्विच, सेफ्टी रिले आणि ड्राइव्ह अशी साखळी धरून बेरीज करावी लागते. त्यात ड्राइव्हचा वाटा बहुधा किरकोळ निघतो. दणके खाणारा, तेलात माखणारा दाराचा स्विचच साखळीचा कच्चा दुवा ठरतो. ही बेरीज करणारं सिस्टेमा नावाचं सॉफ्टवेअर जर्मनीच्या आयएफए संस्थेने फुकट उपलब्ध करून दिलेलं आहे. त्यामुळे हिशेब न करण्याला खर्चाची सबब चालत नाही.

आणि तरीही पुर्जे बिघडणं हा मुख्य धोका नाहीच. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेने १९९५ मध्ये नियंत्रण प्रणालींतल्या ३४ दुर्घटनांची छाननी केली. ४४ टक्के प्रकरणांत मूळ दोष स्पेसिफिकेशनमध्येच होता: काय हवं ते नीट ठरवलंच गेलं नव्हतं. आणखी २० टक्के दोष यंत्र चालू झाल्यानंतर केलेल्या बदलांत सापडले. रचना आणि प्रत्यक्ष बांधणीत १५ टक्के, चालवणं आणि देखभालीत १५, उभारणीत ६. नमुना लहान आहे, अहवाल तीस वर्षं जुना आहे, पण कुठल्याही कारखान्यातल्या अनुभवी मेंटेनन्सवाल्याला तो परका वाटणार नाही.

‘चालू झाल्यानंतरचे बदल’ म्हणजे काय? रात्रपाळीत ड्राइव्ह जळतो. स्टोअरमधून त्याच कंपनीचा दुसरा काढतात, कीपॅडमधून पॅरामीटर उतरवतात, मोटर फिरते, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण सुरक्षेचे पॅरामीटर वेगळ्या पासवर्डखाली, वेगळ्या चेकसमसह असतात. ते जुळले का, एसटीओची दोन्ही इनपुट वेगवेगळी तोडून पाहिली का, थांबण्याचा वेळ मोजला का, हे नोंदवहीत सहसा नसतं. किंवा एसटीओच्या दोन वायरी आणि २४ व्होल्टची वायर एकाच केबलमधून दारापर्यंत नेलेली असते. केबल दारात चिरडली आणि २४ व्होल्ट त्या दोन वायरींना भिडले, की बटण दाबूनही ड्राइव्हला पुरवठा मिळत राहतो. असं होऊ नये म्हणून सेफ्टी रिले आपल्या आउटपुटवर मिलिसेकंदाहून कमी वेळाचे चाचणी-ठोके सोडतो आणि शॉर्ट लागलेला ओळखतो. जुळवाजुळव नसेल तर हेच ठोके ड्राइव्हला ‘थांबा’ वाटतात आणि मशिन विनाकारण ट्रिप होत राहते. मग कुणीतरी वैतागून जंपर परत लावतो.

अलीकडे वायरींची ही जंजाळं कमी करून सुरक्षेचे संदेश नेटवर्कवरूनच पाठवतात. प्रोफिसेफ, सीआयपी सेफ्टी, सेफ्टी ओव्हर इथरकॅट ही त्यातली मुख्य नावं. केबल आणि स्विचवर विश्वास ठेवायचाच नाही, प्रत्येक संदेशाला क्रमांक, वेळमर्यादा आणि तपासणी-संकेतांक जोडायचा, आणि काही चुकलं की थांबायचं, हे यामागचं तत्त्व. मोठ्या लाइनला ते फायद्याचं. दोन मोटरच्या मशिनला दोन वायरी पुरेशा आहेत.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. एसटीओ लावून टर्मिनलला हात घालणं म्हणजे मरणाला आमंत्रण. टॉर्क गेलेला असतो, वीज नाही. मोटरच्या टर्मिनलवर पूर्ण व्होल्टेज असू शकतं आणि मेन स्विच काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटं ५००-६०० व्होल्ट टिकतात. विद्युत कामासाठी आयसोलेटर, कुलूप आणि टेस्टर यांना पर्याय नाही.

भारतातल्या कायद्याची भाषा अगदी परवापर्यंत जुन्या यंत्रांच्या काळातली वाटायची. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाचं कलम २४ चालत्या यंत्राची शक्ती तोडण्याची साधनं प्रत्येक कार्यकक्षात असावीत असं सांगायचं. त्याच कलमात पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर सरकवणाऱ्या दांड्यांचेही नियम होते. केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये यंत्रसामग्री व विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचा एकत्रित तांत्रिक नियमन आदेश काढला. पंप, कॉम्प्रेसर, क्रेन, विणकामाची यंत्रं, मशिन टूल्स असं बरंच काही त्याच्या यादीत आलं. मूळ मुदत ऑगस्ट २०२५ ची होती, ती सप्टेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. युरोपात यंत्र विकणाऱ्या पुण्या-कोल्हापूरच्या उत्पादकांना सुरक्षा मानकांची भाषा तिथे लागणाऱ्या सीई शिक्क्यामुळे पाठ आहे. युरोपचा नवा यंत्र नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होतोय आणि त्यात नियंत्रण प्रणालीत कुणी बाहेरून ढवळाढवळ करण्यापासून संरक्षणही मागितलं आहे. तेव्हा एकाच कारखान्यात निर्यातीचं मशिन एका दर्जाचं आणि शेजारच्या तालुक्यात जाणारं दुसऱ्या दर्जाचं, हा दुटप्पीपणा किती दिवस चालवायचा हे उत्पादकांनीच ठरवावं.

ड्राइव्हमधली सुरक्षा सगळीकडे पुरते असंही नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत बोटं गमावणाऱ्या कामगारांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते आहे, आणि त्यांत पॉवर प्रेस हे यंत्र पुन्हा पुन्हा पुढे येतं. फ्लायव्हील असलेल्या जुन्या प्रेसमध्ये मोटरला एसटीओ देऊन काहीच साधत नाही. ऊर्जा चाकात साठलेली असते आणि घाव क्लचमधून पडतो. तिथे सुरक्षित क्लच-ब्रेक व्हॉल्व्ह, दोन्ही हातांनी दाबायची बटणं आणि लाइट कर्टन हाच उपाय. सर्व्हो प्रेसचा रॅम मात्र थेट मोटरने चालतो, म्हणून तिथे ड्राइव्ह आणि ब्रेक यांची जोडी जीव वाचवते.

लाइट कर्टन किती अंतरावर लावायचा, हे शेवटी थांबण्याच्या वेळावरच ठरतं. हात सेकंदाला २००० मिलिमीटरने पुढे येतो असं मानक धरतं. बोट ओळखणाऱ्या बारीक कर्टनला सगळी साखळी मिळून ०.१५ सेकंदात थांबत असेल तर ३०० मिलिमीटर अंतर पुरतं. रॅम्प बदलल्याने किंवा ब्रेक झिजल्याने तोच वेळ ०.२५ सेकंद झाला तर ५०० मिलिमीटर लागतात, आणि कर्टन तर तिथेच बोल्टने बसवलेला असतो.

म्हणून नवं मशिन मागवणाऱ्याने पर्चेस ऑर्डरमध्ये ‘सर्व सुरक्षा उपकरणांसह’ हे मोघम वाक्य लिहिणं सोडावं. कोणत्या दारासाठी कोणता थांबा, एसएस-१ असेल तर वेळेवर चालणारा की वेगावर पाळत ठेवणारा, कोणता पीएल, आणि पूर्ण लोडवर मोजलेला थांबण्याचा वेळ किती, हे स्पष्ट लिहून घ्यावं. ती मोजणी आपल्या माणसासमोर झाल्याशिवाय आणि तिचा सहीचा कागद हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये.